ओल्या कचऱ्याचे न दिसणारे कामकरी

मैत्रिणींनो, १ जुलैला महाराष्ट्रभर कृषी दिन साजरा होतो, तो आपल्या पुसदजवळच्या गहुलीत जन्मलेल्या वसंतराव नाईकांच्या जयंतीनिमित्त. त्या दिवशी शेतीवर भाषणं पुष्कळ होतात. पण मातीला खाऊ कोण घालणार, हा प्रश्न मागेच राहतो. मला वाटतं, त्याचं थोडं उत्तर आपल्या ओट्याखालच्या बादलीत आहे.

केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२४ मध्ये २,४८१ कोटी रुपयांच्या राष्ट्रीय नैसर्गिक शेती अभियानाला मंजुरी दिली. २०२५ मध्ये आपल्याच यवतमाळ जिल्ह्यातल्या सुभाष शर्मा यांना शेतीतल्या कामासाठी पद्मश्री जाहीर झाली. म्हणजे सेंद्रिय खताला पुन्हा मान आला. दुसरीकडे, ओला-सुका कचरा घरातच वेगळा करायचा नियम २०१६ पासून आहे. तरी भाजीची देठं आणि प्लास्टिकच्या पिशव्या अजून एकाच ढिगात जातात. शेताला जे हवं, तेच गावाला नकोसं झालंय!

आता हे खत करतं कोण? गांडूळ आपल्याला माहीत आहे. पण त्याहून कितीतरी बारीक, बहुधा डोळ्यांना न दिसणारे सूत्रकृमी तिथे राबत असतात. जगातल्या दर पाच प्राण्यांपैकी चार सूत्रकृमी असावेत, असा अंदाज शास्त्रज्ञांनी २०१९ मध्ये मांडला. कचरा कुजवतात ते जिवाणू आणि बुरशी. मात्र कचऱ्यातलं नत्र त्यांच्या अंगातच अडकून बसतं. सूत्रकृमी त्यांना खातात आणि जास्तीचं नत्र बाहेर टाकतात. तेच झाडाच्या मुळांना मिळतं.

शेतकऱ्याच्या घरी सूत्रकृमी म्हटलं की टोमॅटो-वांग्याच्या मुळांवरच्या गाठी आठवतात. ते खरंच आहे. पण त्या जाती वेगळ्या. मोठ्या ढिगाची उष्णता ५५-६० अंशांवर गेली की असे उपद्रवी कृमी मरतात आणि ढीग निवल्यावर उपयोगी जाती परत येतात. घरच्या बादलीत मात्र तेवढी उष्णता होत नाही. म्हणून गाठी आलेली मुळं तिच्यात टाकू नका, बरं का!

बाकी कृती सोपी. तळाला भोकं पाडलेली बादली, ओल्या कचऱ्यावर वाळक्या पानांचा थर, मूठभर शेणखत किंवा बागेतली माती. अधूनमधून हलवा. वास आला तर हवा कमी पडते असं समजा आणि कोरडा पाला वाढवा. उन्हाळ्यात पाणी शिंपडा, कारण हे जीव ओलाव्यातच जगतात.

पण सगळा भार बाईच्याच माथी नको. आपण वेगळा करून दिलेला कचरा घंटागाडीत पुन्हा एक होत असेल, तर नगरसेवकाला विचारायलाच हवं. बचत गटाच्या पुढच्या बैठकीत हा विषय घ्याल ना? उकिरड्याचेही दिवस पालटतात म्हणतात. ते पालटायला बारा वर्षं कशाला थांबायचं?