माप ज्वारीचं, पाणी उसाला

सप्टेंबर उजाडला की मराठवाड्याच्या अनुशेषाला पालवी फुटते. सतरा तारखेचं झेंडावंदन, भाषणं, मुक्तिसंग्रामाच्या आठवणी आणि मग ठरलेला प्रश्न: किती कोटी दिले, किती कोटी राहिले? २०१६ साली आणि पुन्हा २०२३ साली अख्खं मंत्रिमंडळ संभाजीनगरात येऊन बसलं आणि दोन्ही वेळा हजारो कोटींची पॅकेजं जाहीर झाली. पॅकेज म्हटलं की या सदराला पुरळ उठते, हे वाचकांना ठाऊक आहे. या वेळी पुरळ उठायचं कारण थोडं वेगळं आहे. विरोधकांपासून सत्ताधाऱ्यांपर्यंत सगळे आकड्यावरून भांडतात. माप कशाचं, कुठे उभं राहून घेतलं, याबद्दल मात्र कुणी चकार शब्द काढत नाही.

इतिहास थोडक्यात उरकू. १९५३ चा नागपूर करार, घटनेच्या कलम ३७१ (२) मधली तरतूद, १९८३ ची दांडेकर समिती आणि पुढच्या वर्षी तिनं काढलेला सुमारे ३,१८७ कोटींचा अनुशेष. १९९४ ची वैधानिक विकास मंडळं, २०१३ चा केळकर समितीचा अहवाल. मंडळांची मुदत ३० एप्रिल २०२० ला संपली. दांडेकरांनी जिल्हा हे एकक धरलं, केळकरांनी तालुक्यापर्यंत उतरायला सांगितलं. पैशाचं भांडण मात्र आजही विभागाच्या नावानंच चालतं.

आता ढोकी हे गाव घ्या. निधीच्या नकाशावर ढोकी मराठवाड्यात, मागासलेपणाच्या नकाशावर धाराशिव जिल्ह्यात. हा जिल्हा २०१८ पासून नीती आयोगाच्या आकांक्षित जिल्ह्यांत आहे (मागास म्हणायचं नाही, आकांक्षित म्हणायचं). पाण्याच्या नकाशावर ढोकी तेरणेच्या खोऱ्यात. तेरणा मांजरेला मिळते, मांजरा गोदावरीला. बालाघाटाच्या पलीकडचे परंडा-भूम कृष्णेच्या खोऱ्यात. म्हणून कृष्णा-मराठवाडा सिंचन प्रकल्पावर जिल्ह्यात जल्लोष झाला, तरी तेरणाकाठच्या शेतकऱ्यानं त्यात किती नाचावं हा प्रश्नच आहे. जायकवाडीसाठी नगर-नाशिकशी होणारं भांडणही त्याचं नाही. ते पाणी या बाजूला येतच नाही. विभागाला न्याय मिळाला, जिल्ह्यालाही मिळाला आणि तरी ढोकीचं शिवार कोरडं राहिलं, असं घडू शकतं. हिशेबाच्या वहीत त्याची नोंदसुद्धा होणार नाही.

या वहीतली सर्वांत मजेची गोष्ट म्हणजे सिंचनाचं माप. सिंचनाचा अनुशेष मोजताना सगळी पिकं ‘रब्बी ज्वार समतुल्य’ हेक्टरांत बदलून घेतात. म्हणजे उसाच्या एका हेक्टराला जेवढं पाणी लागतं, तेवढ्यात ज्वारीचे जितके हेक्टर भिजले असते, तितके धरायचे. कल्पना हुशारीची आहे. असं केलं नसतं तर सांगली-कोल्हापूरच्या उसानं प्यायलेलं पाणी हिशेबात दिसलंच नसतं. दोन प्रदेशांची तुलना करायला या मापाइतकं चोख माप सापडणार नाही. पण तेच माप जिल्ह्याच्या आत लावलं की उलटतं. चार जणांच्या उसाला बारमाही पाणी मिळालं, तरी कागदावर पुष्कळ ज्वारी भिजलेली दिसते. ज्यांची ज्वारी खरोखर पाण्याच्या दोन पाळ्यांवाचून करपली ते शेतकरी त्या आकड्यात कुठेच नसतात. रब्बी ज्वारीच्या मुलखात ज्वारी उरली ती एककापुरती.

यावर ठरलेलं उत्तर येतं: ऊस लावायला कुणी सांगितलं? कारखाने तुमच्याच पुढाऱ्यांनी काढले. बरोबर आहे. तुटीच्या खोऱ्यांत उसाला आवर घाला, हे चितळे आयोगानं १९९९ मध्येच सांगून ठेवलं होतं. पण ज्या पिकाला कायद्यानं भाव बांधलेला आहे आणि जे वजन करून नेणारा कुणी दारात येतो, ते पीक शेतकरी लावणारच. ढोकीचा तेरणा कारखाना कित्येक गळीत हंगाम बंद राहिला, नंतर भाड्यानं चालवायला दिला गेला. तेवढ्यानं या भागातला ऊस संपला नाही, तो बाहेरच्या गव्हाणीकडे गेला. ज्वारी, हरभऱ्याला तशी खरेदीची हमी न देता नुसता उपदेश करणं म्हणजे पाण्याची वाटणी नव्हे.

दुसरा आक्षेप पुण्या-मुंबईकडून येतो: कर आम्ही भरायचा आणि वाटप तुम्ही करायचं? वरच्या अंगाची धरणं कुणा एका शहराच्या पैशातून झाली नाहीत, ती राज्याच्या तिजोरीतून झाली. आणि तिथला ऊस तोडायला कोयते याच मुलखातून जातात. शिवाय वाटप पुढे ढकलण्याचाही खर्च असतो. २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी गेलं, पुढे पुढे एका खेपेला २५ लाख लिटर. ती गाडी धाराशिव जिल्ह्यातूनच जायची, आणि तेव्हा या जिल्ह्यातली कितीतरी गावं टँकरची वाट बघत होती. शहर मोठं म्हणून त्याची तहान देशभर दिसली. मराठवाड्याच्या आतल्या विषमतेचा याहून स्वच्छ पुरावा कोणता द्यायचा?

तिसरा आक्षेप जास्त गंभीर आहे: एकक लहान केलं की प्रत्येक गाव स्वतःला मागास म्हणवून घेईल. घेईलच. पण म्हणणं वेगळं आणि मोजणं वेगळं. पाणलोट, उपखोरी, त्यांतला साठा यांच्या नोंदी पाटबंधारे खात्याकडे असतातच. खोऱ्यातल्या समन्यायी वाटपाचं तत्त्व २००५ च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाच्या कायद्यात लिहिलेलं आहे. ते गोदावरीच्या वरच्या धरणांना लावता येतं, तर एकाच कालव्याच्या मुखाला आणि शेपटाला का लावू नये? शेपटाकडच्या शेतकऱ्याला प्रादेशिक असमतोल विचारा. तो मराठवाडा-पश्चिम महाराष्ट्र सांगणार नाही, वरच्या वस्तीवरच्या मोटारी दाखवील.

वैधानिक विकास मंडळं पुन्हा स्थापन करायचं राज्य मंत्रिमंडळानं सप्टेंबर २०२२ मध्ये ठरवलं. ती आली तर त्यांच्या अहवालात कोटींच्या रकान्याशेजारी आणखी एक रकाना हवा: खोरेनिहाय, रब्बीत निदान एक पाळी मिळालेले शेतकरी किती. हेक्टर नकोत, समतुल्य तर मुळीच नकोत. सुरुवात तेरणेपासून करायला हरकत नाही.