हसून बोला म्हणे!

सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी औषधाच्या दुकानात मी २३ वर्षं उभा आहे. या २३ वर्षांत मला सर्वांत जास्त वेळा मिळालेलं फुकट औषध एकच: "जरा हसून बोलत जा हो." देणाऱ्यांत गिऱ्हाइकं आहेत, कंपन्यांचे एमआर आहेत, सख्खा मेव्हणा आहे. यांतल्या एकानेही "तुम्ही गोळी चुकीची दिलीत" असं आजवर म्हटलेलं नाही. तक्रार आहे ती माझ्या तोंडाविषयी, कामाविषयी नाही.

मी घुमा आहे. लहानपणी पाहुणे आले की मी माळ्यावर जाऊन बसायचो. आता माळा नाही, काउंटर आहे. अनोळखी माणूस पायरी चढू लागला की घशात कापसाचा बोळा बसतो. त्याच्या डोळ्यांत बघायचं की चिठ्ठीकडे, सुटे पैसे देताना काही बोलायचं असतं का, आणि बोलून झाल्यावर चेहऱ्याचं काय करायचं, हे मला आजही ठरवावं लागतं. इतरांना ते आपोआप येतं म्हणे. येत असेल. काही लोकांना कानही हलवता येतात.

"गिऱ्हाईक आलं की आधी विचारपूस करावी," असं मेव्हणा सांगतो. त्याचं कापडाचं दुकान आहे, तिथे ते शोभतं. मेडिकलमध्ये आलेल्या माणसाला "काय मग, बरं आहे ना?" विचारायचं? बरं असतं तर तो इथे कशाला आला असता?

काही वर्षांपूर्वी एका कंपनीने आम्हा दुकानदारांना रविवारी एका हॉटेलच्या हॉलमध्ये बोलावलं होतं. विषय होता 'ग्राहक जिंका'. टाय लावलेला, पंचविशीतला एक प्रशिक्षक आला. त्याच्याकडे बघून वाटत होतं की त्याने आयुष्यात फक्त प्रशिक्षणच विकलं असावं. त्याने आम्हाला शेजाऱ्याच्या डोळ्यांत पूर्ण एक मिनिट बघायला लावलं. माझा शेजारी होता बाजारपेठेतलाच दुसरा केमिस्ट, ज्याच्याकडून मी इन्सुलिनच्या दोन कुप्या उसन्या आणल्या होत्या आणि परत केल्या नव्हत्या. ते एक मिनिट आम्ही दोघेही विसरणार नाही. मग तो म्हणाला, "ओठांनी नको, आतून हसा." डी. फार्मसीला मी शरीररचना शिकलो आहे. हे 'आतून' नक्की कुठे असतं, ते पुस्तकात नव्हतं.

जेवण चांगलं होतं. जाताना प्रत्येकाला एक पाटी भेट मिळाली. ती तुम्ही बँकेत, पतपेढीत, टायरच्या दुकानात पाहिलीच असेल: वर गांधीजींचा फोटो, खाली ग्राहक हा आपल्याकडे आलेला सर्वांत महत्त्वाचा पाहुणा असल्याचा उपदेश. काही पाट्यांवर तपशीलही असतो, दक्षिण आफ्रिकेतलं भाषण, साल १८९०. आता १८९० साली गांधीजी लंडनमध्ये बॅरिस्टरीचा अभ्यास करत होते. आफ्रिकेला ते गेले १८९३ मध्ये. म्हणजे पाऊल ठेवण्याआधी तीन वर्षं तिथे ते ग्राहकसेवेवर बोलून मोकळे झाले होते!

पण खरी गंमत पुढेच आहे. लंडनच्या शाकाहारी मंडळाच्या बैठकांत या माणसाच्या तोंडून शब्द फुटत नसे. लिहून आणलेलं भाषणसुद्धा दुसऱ्याने वाचून दाखवायचं. १८९१ साली परत येताना मित्रांना जेवायला बोलावलं, तिथे एका वाक्यावर गाडी अडकली. मुंबईच्या स्मॉल कॉजेस कोर्टात पहिली केस मिळाली, फी ३० रुपये. साक्षीदाराची उलटतपासणी घ्यायला उभे राहिले, डोकं गरगरलं, खाली बसले. फी परत केली आणि केस दुसऱ्या वकिलाकडे गेली. हे सगळं त्यांनी स्वतःच आत्मचरित्रात लिहून ठेवलंय, आणि आपल्या लाजाळूपणाला ते चक्क ढाल म्हणतात. शब्द जपून वापरायची सवय त्यानेच लावली, असं त्यांचं म्हणणं. म्हणजे घुम्यांचा आमचा आद्यपुरुष धरून आणला आणि त्याच्याच फोटोखाली आम्हाला गोड बोलायचे धडे लिहिले. बनवणाऱ्यांच्या धाडसाला तोड नाही.

कुणी म्हणेल, हा तुसड्या दुकानदारांची वकिली करतोय. अजिबात नाही. तुसडा आणि घुमा या दोन वेगळ्या जाती आहेत. तुसडा माणसाला मुळीच घाबरत नाही. दाराशी आलेल्या गिऱ्हाइकाचा, दुपारच्या झोपेतून अर्धवट उठून, एका वाक्यात अपमान करायला केवढा आत्मविश्वास लागतो! तो माझ्यात असता तर मी आमदारकीला उभा राहिलो असतो. घुमा अपमान करत नाही. त्याला नमस्कारच जमत नाही तर अपमान कुठून जमणार?

मेव्हण्याच्या आग्रहावरून मी एक बोलका पोरगा कामाला ठेवला होता. तोंडात साखर आणि आवाज पुढच्या एसटी स्टँडपर्यंत. खरं सांगायचं तर गल्ला वाढला. फेसवॉश, प्रोटीन पावडर, लहान मुलांची बिस्किटं असलं सगळं तो खपवायचा. एके संध्याकाळी हायस्कूलचे निवृत्त मुख्याध्यापक आले. दुकानात चार माणसं होती, त्यांतले दोघे त्यांचे विद्यार्थी. सर बाजूला उभे राहिले. मला कळलं, वाट बघतायत. पोराने मात्र आतून हसून विचारलं, "सर, मूळव्याधीचंच ना? मागच्या ट्यूबने फरक पडला का?"

सर म्हणाले, "क्रोसिन द्या एक पान." ते घेऊन गेले. नंतर वर्षभर त्यांनी आमच्या दुकानाची पायरी चढली नाही.

औषधाच्या दुकानात येणारी निम्मी माणसं लाजत आलेली असतात, हे त्या टायवाल्याला कुणी सांगितलंच नव्हतं. पॅडवरचा जीएसटी २०१८ च्या जुलैत काढला, पण कागदात गुंडाळून द्यायची पद्धत काही गेलेली नाही. खरुज, कंडोम, झोपेच्या गोळ्या, नवऱ्याची दारू सोडवायचं काहीतरी. मुलगी काउंटरपाशी येते, फ्रिजकडे बघते, मी कपाटाकडे बघतो, पुडी सरकते, नोट सरकते. एकमेकांची तोंडंही न पाहता व्यवहार पुरा. तिला हसरा दुकानदार नको असतो. तिला असा माणूस हवा असतो जो उद्या रस्त्यात भेटला तरी ओळख दाखवणार नाही. अहो, मी तर सख्ख्या चुलत्यालाही ओळख दाखवायला कचरतो!

एक कबुली द्यायला हवी. लाजणं हा गुन्हा नसला तरी काहींच्या बाबतीत तो खरोखरीचा आजार असतो. अमेरिकेच्या मानसोपचारतज्ज्ञांनी १९८० साली आपल्या आजारांच्या पुस्तकात सोशल फोबिया नावानिशी घातला. १९९९ मध्ये तिथे पॅरॉक्सेटिनला त्यासाठी परवानगी मिळाली, आणि मग टीव्हीवरच्या जाहिरातींतून बुजऱ्या माणसांना आपण रुग्ण असल्याचा शोध लागू लागला. पॅरॉक्सेटिन माझ्या तिसऱ्या फळीवर आहे. ज्याला घराबाहेर पडवत नाही, नोकरी टिकवता येत नाही, त्याने डॉक्टर गाठावा, गोळी घ्यावी, यात कमीपणा नाही. पण लग्नात नवरदेवाच्या मामाशी काय बोलावं ते न सुचणं हा आजार नव्हे. कधी कधी तर त्या मामाशी बोलण्यासारखं खरंच काही नसतं.

आणि पगाराच्या मोबदल्यात हसू विकणं हे काम आहे, स्वभाव नाही. अर्ली हॉकशिल्ड या समाजशास्त्रज्ञ बाईंनी १९८३ साली विमानातल्या सेविकांवर पुस्तक लिहून हे दाखवून दिलं: दिवसभर ठरवून हसलेल्या माणसाला रात्री स्वतःचं हसू ओळखू येईनासं होतं. आता आपल्या मॉलमधल्या पोरींनाही ते काम लागलंय. बारा तास उभं राहायचं, बसायला स्टूल नाही, वर हसायचं. नाही हसली तर गिऱ्हाईक मोबाईलवर एक तारा देणार. तिची बस चुकली असेल, घरी सासू आजारी असेल, किंवा ती माझ्यासारखी घुमी असेल, ते विचारायला ताऱ्यांत जागा नाही.

पण माझ्या घुमेपणाने एकदा माणूस मारला असता, तेही सांगतो. सांधेवाताचे एक आजोबा, जवळच्या खेड्यातले. चिठ्ठीवर मेथोट्रेक्सेट, आठवड्यातून एकदा, आणि फॉलिक अ‍ॅसिड रोज. दोन्ही गोळ्या पिवळ्या, दोन्ही बारीक. मेथोट्रेक्सेट रोज घेतली तर रक्तपेशी कोसळतात, तोंडात फोड येतात, माणूस दगावू शकतो. मी पाकिटांवर नीट लिहिलं. आजोबांनी न वाचताच पाकिटं बंडीच्या खिशात घातली. यांना वाचता येत नाही, हे मला दिसलं. मागे तीन माणसं उभी होती. मोठ्याने समजावून सांगायचं, परत विचारायचं, सगळ्यांच्या माना वळणार, या विचाराने मी गप्प बसलो. फार्मासिस्टने औषध समजावून सांगावं असं २०१५ चे फार्मसीचे नियम सांगतात. त्या नियमांची प्रत माझ्या ड्रॉवरमध्ये होती.

रात्रभर झोप नाही. सकाळी मोटारसायकल काढली, गावात विचारत विचारत घर गाठलं. परक्याचं दार वाजवण्यापेक्षा मला दाढ उपटून घेणं सोपं जातं. आजोबा ओसरीत बसले होते. आदल्या रात्री त्यांनी मेथोट्रेक्सेटची एक घेतली होती, दुसरी हातात धरून भाकरीची वाट बघत होते.

"आजोबा, ही रोज नाही. तुमच्या गावचा बाजार कोणत्या वारी?"

"बेस्तरवारी."

"मग ही फक्त बाजाराच्या दिवशी."

तेव्हापासून असल्या गोळ्या देताना मी बोलतो. आवाज चढवून बोलतो, समोरच्याकडून वार वदवून घेतो, घाम आला तरी. डॉक्टरांना फोन लावायचा असला की आधी वाक्यं बिलाच्या मागे लिहून काढतो आणि वाचून दाखवतो. एवढं जमवलंय. "वा, आज फार छान दिसताय" हे मात्र जमणार नाही, आणि जमवायचा विचारही नाही.

ती पाटी मी फेकली नाही. फोटो कापून फ्रेम केला आणि गल्ल्याच्या वर लावला. खालचा मजकूर काढून तिथे दुकानाचा परवाना टांगला. परवा मुख्याध्यापक आले. त्या पोराने दुकान सोडल्याचं त्यांना कुठूनतरी कळलं असावं. त्यांनी फोटोकडे पाहिलं.

"इथे खाली काहीतरी लिहिलेलं होतं ना?"

"हो."

सर थोडा वेळ थांबले. मीही थांबलो. दुकानात कुणी नव्हतं. मी ट्यूब कागदात गुंडाळून पुढे सरकवली.