अरुंधतीची वेलांटी

शाळा सुटली तरी पटावरचीं नांवें सुटत नाहींत. जुन्या हजेरीवह्यांतून उतरून घेतलेली माझ्या विद्यार्थ्यांची एक लांबलचक यादी गेलीं दोन वर्षें मेजावर पडून होती. यंदा उन्हाळ्याच्या सुट्टींत पुतण्या पुण्याहून येथें छत्रपती संभाजीनगरास घरीं आला, त्यानें ती चाळली आणि म्हणाला, "काका, ही संगणकावर घालूं. म्हणजे जुन्या मुलांना घरबसल्या आपलें नांव शोधतां येईल, पत्ता बदलला तर कळवितां येईल." मीं रुकार दिला. एका कंपनीची जागा वर्षाच्या भाड्यानें घेतली, चार दिवसांत काम उभें राहिलें, आणि पांचव्या दिवशीं कागदावर काढलेली पहिली प्रत वाचतांना माझी नजर एका ओळीवर अडली. तेथें 'अरुंधत' असें छापलें होतें आणि त्यापुढें काळ्या चौकटींत एक प्रश्नचिन्ह.

टंकलेखनाची चूक असेल असें वाटलें, पण नव्हती. नांव बरोबर घातलेलें होतें, यंत्रानेंच त्याचा शेवट तोडला होता. ज्या मुलीला मीं 'अरुंधती' म्हणून तीन वर्षें हांक मारली, तिच्या नांवांतला स्त्रीप्रत्यय नाहींसा होऊन त्या जागीं संशयाची खूण बसावी, हें मला सहन होईना.

कारण विचारलें तेव्हां तें असें निघालें. यादींत रकान्याची रुंदी बेताची म्हणून पहिल्या नांवास वीस अक्षरांची मर्यादा घातली होती. 'अरुंधती'स वीस कोठून लागणार? परंतु ज्या भाषेंत हा कार्यक्रम लिहिला होता, ती पीएचपी, अक्षरें मोजीत नाहीं. तिचें साधें मोजमाप बाइटचें असतें. आजच्या रूढ यूटीएफ-८ पद्धतींत इंग्रजी अक्षराला एक बाइट पुरतो, देवनागरीच्या प्रत्येक खुणेला तीन लागतात. अ, र, उकार, अनुस्वार, ध, त आणि वेलांटी अशा खुणा सात, म्हणजे बाइट एकवीस. विसावर कातर चालली आणि वेलांटीचा तिसरा हिस्सा बाहेर पडला. दोनतृतीयांश वेलांटी कोणत्याच लिपींत नाहीं, म्हणून तें प्रश्नचिन्ह.

यांत कोणाला दोष द्यावा? ग्रीनलंडांत जन्मलेल्या रासमस लेरडॉर्फ यांनीं १९९४ मध्यें आपलें स्वतःचें पान कोण कोण पाहून जातें हें कळावें म्हणून सी भाषेंत कांहीं लहान साधनें लिहिलीं आणि १९९५ च्या जूनमध्यें तीं सर्वांस खुलीं केलीं. पुढें झीव सुरास्की व अँडी गुटमन्स या इस्रायलमधील दोघां विद्यार्थ्यांनीं भाषेचा गाभा नव्यानें लिहिला व १९९८ मध्यें तिची तिसरी आवृत्ति निघाली. (जोड-विसर्गासारख्या चार टिंबांच्या एका खुणेचें नांव त्यांनीं हिब्रूंत ठेवलें, आणि तें चुकीच्या संदेशांत अवचित पाहून जगभरचे कार्यक्रम लिहिणारे कित्येक वर्षें चक्रावून जात. आपल्या व्याकरणांतल्या संज्ञा ऐकून माझे विद्यार्थी असेच पाहत असत.) त्या वेळीं देवनागरीचा विचार कोणाच्या मनांत असण्याचें कारण नव्हतें. आज मात्र मराठी विकिपीडिया ज्या मीडियाविकीवर चालतो तीही याच भाषेंत लिहिलेली आहे, आणि तेथें आपलीं अक्षरें धडधाकट दिसतात. तेव्हां उपाय आहे हें उघड होतें.

उपाय दोन जोडभागांत आहे. एकाचें नांव एमबीस्ट्रिंग. एका बाइटांत न मावणाऱ्या लिपींचा जाच जपानी लोकांना आपल्या आधीं झाला, आणि हा भाग मूळ त्यांनींच रचला. तो 'अरुंधती' सात मोजतो. दुसरा इंटल, तो आयसीयू नांवाच्या लायब्ररीच्या आधारें जगांतल्या भाषांच्या रीती पाळतो, आणि त्याच्या हिशेबीं 'अरुंधती' चार भरते. अ, रुं, ध, ती. छंदःशास्त्रही चारच म्हणेल. आमच्या भाड्याच्या जागेवर नेमका हा दुसरा भाग नव्हता. बसवून द्या असें लिहिलें तर उत्तर आलें कीं सर्व ग्राहकांस एकच ठरीव संच मिळतो. पुतण्या म्हणाला, मग आपणच मुळापासून बांधूं. आधीं घरच्या संगणकावर तालीम करावयाची, नंतर एक अख्खें यंत्र भाड्यानें घेऊन तेथें तेंच करावयाचें. लिनक्सवर हे भाग तयारही मागवितां येतात, ही गोष्ट त्यानें लपविली नाहीं. पण त्याला करून पाहावयाचें होतें आणि मला पाहावयाचें होतें.

मूळ प्रत म्हणजे मनुष्यानें लिहिलेला, मनुष्याला वाचतां येईल असा मजकूर. तो उतरवून घेतल्यावर पुतण्यानें प्रथम त्याची 'बेरीज' घेतली. साऱ्या मजकुरावरून यंत्र चौसष्ट चिन्हांची एक ओळ काढतें. कर्त्यांनीं जाहीर केलेल्या ओळीशीं ती तंतोतंत जुळली तर वाटेंत कोणी हात लावला नाहीं असें समजावयाचें. मला हा सोपस्कार वाटला, तेव्हां त्यानें २०२१ च्या मार्चमधील हकीगत सांगितली. पीएचपीचा मूळ मजकूर जेथें ठेवलेला असे तेथेंच कोणी शिरला आणि खुद्द लेरडॉर्फ व निकिता पोपोव या दोघां प्रमुखांच्या नांवावर दोन फेरफार घालून गेला. शेरा काय, तर शुद्धलेखनाची चूक दुरुस्त केली! प्रत्यक्षांत तो परक्यास आंत घेणारा चोरदरवाजा होता. पाहणाऱ्यांनीं तो लौकर ओळखून काढून टाकला आणि पुढें साठवणीची जागाच बदलली. आमच्या जिल्ह्यांतल्या पैठणास नाथांनीं शके १५०६ त ज्ञानेश्वरीची प्रत शोधली ती अशाच अपपाठांसाठीं. फरक इतकाच कीं पोथ्यांत शिरलेले पाठ बहुधा भोळ्या लेखकांचे असत, आणि हे फेरफार जाणूनबुजून केलेले होते.

नंतर 'कॉन्फिगर'. माझ्या मतें सगळ्या खटाटोपांतला महत्त्वाचा भाग हाच. पूजेपूर्वीं संकल्पांत देश, काल व हेतु उच्चारतात, तसें येथें कोठें बसावयाचें आणि कोणते भाग हवे तें एका ओळींत सांगावें लागतें. मुख्य गोम अशी कीं एमबीस्ट्रिंग व इंटल हे दोन्ही भाग मूळ प्रतींत असतात, पण न मागतां मिळत नाहींत. ओळींत त्यांचें नांव घेतलें नाहीं तर बांधणी निर्वेध पार पडते, कोठें कुरकुर होत नाहीं, आणि अरुंधतीची वेलांटी पुन्हां तुटते.

संकल्प ऐकून यंत्र सामग्री तपासतें. पहिल्याच फेरींत तें लिबएक्सएमएल नाहीं म्हणून थांबलें. पुतण्यानें दाखवून दिलें कीं ती लायब्ररी संगणकावर आहे. मग नाहीं कसें? तर लायब्ररी असणें वेगळें आणि तिच्यावर काम रचण्यासाठीं लागणाऱ्या शीर्षक-फायली असणें वेगळें. त्या 'डेव्ह' अशा नांवानें निराळ्या आणाव्या लागतात. त्या आणल्या. मग एसक्यूलाइट अडलें, मग ओनिगुरुमा, जें २०१९ च्या ७.४ आवृत्तीपर्यंत मूळ प्रतीबरोबरच मिळत असे. शेवटीं आयसीयू. प्रत्येक वेळीं शेवटल्या चार ओळी शांतपणें वाचल्या म्हणजे काय हवें तें तेथेंच लिहिलेलें सांपडे. पुतण्या मात्र त्या न वाचतांच पुन्हां कळ दाबी. चार वर्षांच्या महाविद्यालयीन शिक्षणानें ही संवय जात नाहीं असें दिसतें.

'मेक' म्हटल्यावर सीमधील हजारों ओळी यंत्रभाषेंत उतरूं लागल्या. माजघरांतल्या त्या जुन्या संगणकाचा पंखा असा घरघरूं लागला कीं वहिनी स्वयंपाकघरांतून म्हणाल्या, "भावोजी, घरांत गिरणी घातलीत कीं काय?" मग 'मेक टेस्ट', जेथें भाषा हजारों लहान परीक्षांस बसते, आणि शेवटीं 'मेक इन्स्टॉल'.

येथें काम संपलें असें मला वाटलें. तें संपलें नव्हतें, कारण नियमांची फाइल, पीएचपी.आयएनआय, आपोआप जागेवर बसत नाहीं. मूळ प्रतीबरोबर तिचे दोन मसुदे येतात, एक कार्यशाळेसाठीं आणि एक चारचौघांत चालविण्यासाठीं. पहिला चुका पडद्यावर मांडतो, दुसरा त्या पाहुण्यांपासून झांकतो. योग्य तो निवडून, नांव बदलून, ठरल्या जागीं ठेवावा लागतो, नाहींतर भाषा आपल्या जन्मजात नियमांनीं चालते. त्या नियमांत दोन मेगाबाइटपेक्षां मोठी फाइल घेत नाहींत, म्हणून वर्गाचीं जुनीं छायाचित्रें परत येऊं लागलीं. ती मर्यादा व एकूण मजकुराची आठ मेगाबाइटची मर्यादा अशा दोन्ही वाढवाव्या लागल्या. घड्याळही तेथें जागतिक वेळेचें, आपल्या साडेपांच तास मागें. पहांटे पांचला केलेली नोंद आदल्या दिवसाच्या तारखेंत पडली. त्या घड्याळाची मध्यरात्र आपल्याकडे साडेपांचला, म्हणजे सूर्योदयाच्या थोडी आधीं होते; आमच्या पंचांगाला ही रीत फारशी परकी नव्हे! तरी पण पत्रव्यवहार तारखेनें चालतो, म्हणून फाइलींत 'एशिया/कोलकाता' लिहिलें.

मग यादी पुन्हां काढली. वेलांटी जागेवर होती. दुसरी एक गोष्टही सुधारली, जी पहिल्या प्रतींत माझ्या नजरेंतून सुटली होती. यूनिकोडच्या क्रमांत ळ हा ल नंतर, व च्या आधीं येतो, त्यामुळें पहिल्या यादींत काळे, कावळे, कासार असा क्रम लागला होता. इंटलला मराठीची रीत पाळण्यास सांगितल्यावर तो कावळे, कासार, काळे असा झाला. माझ्या हजेरीवहींत होता तसा. एक कसर मात्र घरच्या जुन्या यंत्रावर राहिली. तेथील आयसीयू 'ज्ञानेश्वर' सहा मोजतें, जोडाक्षरें फोडून. जोडाक्षर एकच धरावें हा नियम यूनिकोडच्या १५.१ या आवृत्तींत २०२३ मध्यें आला, आणि भाड्याच्या यंत्रावरील नवें आयसीयू चार मोजतें.

नवी आवृत्ति दरवर्षीं नोव्हेंबर-डिसेंबरांत निघते, म्हणजे हें सर्व पुन्हां करावयाचें. संकल्पाची ती ओळ यंत्र 'कॉन्फिग.नाइस' नांवाच्या फायलींत स्वतःच जपून ठेवतें. मीं ती तेथून हजेरीवहीच्या शेवटल्या पानावर शाईनें उतरून घेतली आहे, कारण मार्गशीर्षांत पुतण्या घरीं नसेल.