पदवीदानाला जाताना मुक्काम कुठे करावा?

आपल्या वस्त्यांमधली मुले-मुली आता शिष्यवृत्तीवर विलायतेत शिकू लागली आहेत. पण शिष्यवृत्ती विद्यार्थ्याची असते. पदवीदान पाहायला जाणाऱ्या आईवडिलांना आपला खर्च भिशीतून, फंडातून उभा करावा लागतो. त्यात विमानाखालोखाल मोठा आकडा हॉटेलचा. म्हणून या वेळी आम्ही उत्तर इंग्लंडमधल्या डरहॅम शहरातील मुक्कामाविषयी लिहीत आहोत.

डरहॅम शहर लहान आहे. विअर नदीने तीन बाजूंनी वेढलेल्या टेकडीवर कॅथेड्रल, म्हणजे बिशपचे मुख्य चर्च, आणि शेजारी किल्ला. कॅथेड्रलचे बांधकाम १०९३ साली सुरू झाले. १९८६ साली युनेस्कोने ही दोन्ही स्थळे जागतिक वारसा म्हणून जाहीर केली. १८३२ साली स्थापन झालेल्या विद्यापीठाचा पदवीदान समारंभ याच कॅथेड्रलमध्ये होतो. त्या दिवसांत शेकडो कुटुंबे एकाच वेळी या छोट्या गावात उतरतात. तेव्हा समारंभाची तारीख कळताच खोलीच्या शोधाला लागावे.

पहिला विचार पायांचा करावा. रेल्वे स्टेशन एका उंचवट्यावर, कॅथेड्रल दुसऱ्या; मध्ये उतार आणि पुन्हा चढ. टेकडीवरच्या जुन्या रस्त्यांना दगडी फरसबंदी आहे. आयुष्यभर उभ्याने काम करून ज्यांचे गुडघे दुखतात, त्यांनी 'कॅथेड्रल जवळच' एवढ्या शब्दांवर भुलू नये. वाटेत चढ किती, खोली कितव्या मजल्यावर, लिफ्ट आहे का, हे आधी विचारावे. जुन्या वास्तूंमधल्या हॉटेलांत पुष्कळदा लिफ्ट नसते.

दुसरा विचार पैशाचा. सर्वांत स्वस्त भाडे बहुधा परत न मिळणारे असते. व्हिसा हाती येण्याआधी ते भरू नये. थोडे जास्त पडले तरी रद्द करता येणारी खोली घ्यावी. 'डबल' म्हणजे एक मोठा पलंग, 'ट्विन' म्हणजे दोन वेगळे. न्याहारी भाड्यात धरली आहे का, संडास-बाथरूम खोलीला लागून आहे की सामाईक, हेही पाहावे.

विद्यापीठाची काही कॉलेजे सुटीच्या काळात खोल्या भाड्याने देतात. किल्ल्यातही एक कॉलेज आहे आणि तिथेही अशी सोय असते. डरहॅममध्ये जमले नाही तर न्यूकॅसल रेल्वेने साधारण पाव तासावर आहे. मोठे शहर असल्याने तिथे हॉटेलेही पुष्कळ. समारंभ सकाळचा असेल तर मात्र एक गाडी हुकली तरी वेळेत पोहोचू, असा हिशेब ठेवावा.

जुलैचा दुसरा शनिवार ध्यानात ठेवावा. त्या दिवशी इथे खाणकामगारांचा मेळावा भरतो. १८७१ पासूनची ही परंपरा आहे. बँड वाजवीत, युनियनचे झेंडे घेऊन मिरवणुका निघतात आणि ओल्ड एल्व्हेट रस्त्यावरच्या रॉयल काउंटी हॉटेलच्या सज्जातून कामगार पुढारी त्यांना अभिवादन करतात. इथल्या खाणी बंद पडल्या, पण मेळावा चालू राहिला. खोली मिळाली तर जरूर पाहावा. पण त्या दिवशी गावात खोल्यांची टंचाई असते आणि रस्तेही बंद असतात.

मुक्कामाच्या जागेचा प्रश्न आपल्याला नवा नाही. परदेशातून शिकून आलेल्या बाबासाहेबांना १९१७ साली बडोद्यात राहायला जागा मिळेना. पारशी धर्मशाळेतूनही त्यांना बाहेर काढले गेले. आज इंग्लंडमध्ये २०१० च्या समता कायद्यानुसार वंश किंवा धर्म पाहून कोणाला खोली नाकारता येत नाही. तरीही आपली माणसे काउंटरपाशी बिचकतात, इंग्रजी तोडकेमोडके म्हणून प्रश्न गिळतात आणि मिळेल ती खोली घेतात. तसे करू नये. दाम आपण मोजतो; विचारणे हा आपला हक्क आहे. प्रश्न कागदावर लिहून न्यावेत, किंवा लेकीला आधीच विचारून ठेवायला सांगावे. तिच्या नावाचा पुकारा होईल तेव्हा आईबाप थकूनभागून नव्हे, रात्रभर नीट झोपून तिथे बसलेले असावेत.