घरची शाळा आणि बालकाचा हक्क
बायबल पायाभूत मानून मुलांना घरीच शिकवावे, हा काही ख्रिस्ती पालकांचा आग्रह सर्वस्वी त्याज्य नाही. पंडिता रमाबाई बालपणी शाळेत गेल्या नाहीत. आईनेच त्यांना संस्कृत शिकविले. परंतु १८७८ साली कलकत्त्याच्या पंडितांनी त्यांची विद्वत्ता पारखून घेतली. पुढे, १८८३ मध्ये, याच रमाबाईंनी घरचा धर्म सोडून ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि नंतरच्या काळात बायबलचे मराठी भाषांतर केले. बाहेरची परीक्षा आणि स्वतंत्र निवड, या दोन कसोट्यांवर त्यांचे घरचे शिक्षण उतरले. २००९ चा शिक्षणहक्क कायदा ६ ते १४ वर्षांच्या बालकाला हक्क देतो, पालकाला नव्हे. म्हणून मूल पिंप्राळ्याचे असो वा पुण्याचे, त्याची वार्षिक परीक्षा त्रयस्थाने घ्यावी. घरच्या शाळेलाही बाहेर उघडणारे दार हवेच.