रात्रीच्या बसमधली तहान

पुंडलिकनगरातून रात्रीच्या बसने मुंबईला निघालेली बाई संध्याकाळपासूनच पाणी टाळते. वाटेत बस कुठे थांबेल, तिथले स्वच्छतागृह वापरण्याजोगे असेल का, याची खात्री नसते. तहान मारणे, लघवी दाबून धरणे म्हणजे मूत्रमार्गाच्या संसर्गाला आमंत्रणच. शिवाय रात्रभर पाय लोंबकळलेले! चार तासांहून अधिक बसून प्रवास केल्यास शिरेत रक्ताची गुठळी होण्याचा धोका सुमारे दुप्पट होतो, असे जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्येच सांगितले. विमानात तसाच बसमध्येही. तरीही तो साधारण ६,००० प्रवाशांत एकाला. गर्भवती आणि गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्यांना मात्र जास्त. त्यांनी पोटऱ्या हलवाव्यात, पाणी प्यावे, हे खरेच; पण बसमालकांनीही तिकिटावर स्वच्छतागृहाचा थांबा वेळेसह छापावा. नंतर एकाच पोटरीला सूज आली, तर शीण समजून तेल चोळत बसू नये, डॉक्टरांना दाखवावे.