सावली सरकते, साखळी सरकत नाही

परीक्षा चालू आहेत. दुपारी पेपर सुटल्यावर कॉलेजच्या गेटपासून स्टँडपर्यंत चालायचं म्हटलं तरी जीवावर येतं. स्कार्फ, गॉगल, हातात उसाच्या रसाचा ग्लास, एवढा बंदोबस्त करूनही आपली तक्रार संपत नाही. आता त्याच डांबरी रस्त्यावरून अनवाणी चालायचं आणि घामही गाळायचा नाही, अशी अट घातली तर? रस्त्यावरच्या कुत्र्यासाठी ही अट रोजचीच आहे.

कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. घामाच्या ग्रंथी असतात त्या मुख्यतः पंजाच्या गाद्यांमध्ये, आणि त्यांचा फारसा उपयोग होत नाही. तो जीभ बाहेर काढून धापा टाकतो, तोंडातली ओल वाफ होऊन उडते आणि सोबत उष्णता घेऊन जाते. हवा दमट असली की ही सोय लंगडी पडते. म्हणून वळीव पडून गेल्यानंतरची दुपार फसवी असते. पारा थोडा उतरलेला असतो, आपण म्हणतो, "चला, जरा बरं वाटलं." पण उकाडा वाढलेला असतो आणि कुत्र्याची धाप वाया जात असते.

आता हौसेबद्दल बोलू. बर्फावर गाडी ओढणारा हस्की सांगलीच्या फ्लॅटमध्ये रील्ससाठी छान दिसतो. त्याच्यासाठी एसी लावलेला असतो, हेही मान्य. पण मे महिन्यात वादळी वाऱ्यानं लाइट गेली आणि घरचे सगळे बाहेर असले, की त्याचं काय? पग, बुलडॉग, पर्शियन मांजर यांचं नाकच इतकं आखूड, की साध्या दिवशीही श्वास घेताना आवाज येतो. आणि सातारा म्हटलं की लोकांना महाबळेश्वर आठवतं. माण-खटावचा मे त्यांनी बघितलेला नसतो. आटपाडी-जतचा तर नाहीच.

कुत्राच पाळायचा तर जतच्या पलीकडे, बागलकोट जिल्ह्यातल्या मुधोळकडे बघा. मुधोळ हाउंड, म्हणजे आपल्याकडचा कारवानी. सडपातळ अंग, आखूड केस, लांब तोंड. या मुलखाचं ऊन ओळखणारा. २००५ मध्ये टपाल खात्यानं देशी कुत्र्यांवर तिकिटं काढली, त्यात तो आहे. अर्थात तो काटक आहे म्हणून त्याला उन्हात बांधून ठेवायचा परवाना मिळत नाही.

खरा मुद्दा बांधण्याचाच आहे. भटक्या कुत्र्याचे हाल होतात, पण तो स्वतःची जागा स्वतः शोधतो. सकाळी भिंतीच्या कडेला, बाराला गाडीखाली, तीनला गटाराच्या ओल्या मातीत. राखणीला म्हणून पत्र्याच्या शेडमध्ये दीड हात साखळीनं बांधलेल्या कुत्र्याला हे करता येत नाही. सकाळी बांधला तेव्हा सावली होती, हे मालकाचं म्हणणं खरंही असेल. पण सावली सरकते, साखळी सरकत नाही. पत्रा वरून तापतो, पाण्याची वाटी पायानं लवंडते, आणि मालक संध्याकाळी येतो. गॅलरीत कोंडलेल्या कुत्र्याची गोष्ट वेगळी नाही, फक्त तिथे पत्र्याऐवजी काच असते.

कायदा आहे. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम ११ नुसार, पाळलेल्या जनावराला पुरेसं अन्न, पाणी, निवारा न देणं आणि विनाकारण आखूड साखळीला तासन्‌तास बांधून ठेवणं हा गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याचा दंड दहा ते पन्नास रुपये! पन्नास रुपयांत हल्ली धड मिसळही येत नाही. साठ वर्षांहून जास्त काळ हा आकडा तसाच आहे. कायद्याच्या धाकानं कोणी साखळी सोडेल असं म्हणूनच वाटत नाही, शेजारच्या पोरानं "काका, सावलीत बांधू का?" असं विचारलेलं जास्त लागू पडतं.

उष्माघात ओळखायला डॉक्टर असावं लागत नाही. थांबतच नाही अशी धाप, चिकट लाळ, लालभडक हिरड्या, झोकांड्या, उलटी. कुत्र्याचं नेहमीचं तापमान आपल्यापेक्षा जास्त, साधारण ३८ ते ३९ अंश असतं. ते ४१ च्या पुढे गेलं की आतले अवयव धोक्यात येतात. सावलीत आणा, नळाचं पाणी अंगावर ओतत राहा, पंखा लावा. बर्फ शोधण्यात वेळ घालवू नका. ओला टॉवेल गुंडाळून ठेवू नका, तो थोड्या वेळात गरम होतो आणि उष्णता आत कोंडतो. शुद्धीत नसेल तर तोंडात पाणी ओतू नका. आधी थंड करा, मग दवाखाना गाठा. अनोळखी कुत्रा असेल तर लांबूनच पाणी मारा; घाबरलेला कुत्रा चावतो.

मांजर सहसा धापा टाकत नाही. ते तोंड उघडून श्वास घेत असेल तर थेट डॉक्टरकडे. आणि "अंग गरम लागतंय" म्हणून पॅरासिटामॉलची गोळी? नाही, अर्धीसुद्धा नाही. मांजरासाठी ते विष आहे.

मदतीसाठी पशुसंवर्धन विभागाचा १९६२ हा टोल-फ्री क्रमांक आहे, जिल्ह्याच्या ठिकाणी सरकारी पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालय आहे आणि शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. (कॉलेज साताऱ्याचं, नाव सांगलीतल्या येडेमच्छिंद्रच्या माणसाचं. १९६० पर्यंत सांगली जिल्ह्याचं नावच दक्षिण सातारा होतं, त्यामुळे भांडायला जागा नाही.) जवळच्या डॉक्टरांचा नंबर मात्र आजच सेव्ह करा, दुपारी दोन वाजता कुठला दवाखाना उघडा असतो, हेही विचारून ठेवा.

आणि एक गोष्ट फक्त तुमची आहे. प्रत्येक कॉलेजात एखादा शेऱ्या, एखादी चिंगी असते. जूनपासून मार्चपर्यंत कँटीनच्या उष्ट्यावर आणि हॉस्टेलच्या मेसवर ती जगतात. शेवटचा पेपर झाला की हॉस्टेल रिकामं, मेस बंद, कँटीनला कुलूप. ऐन मे महिन्यात, सगळ्यात जास्त गरज असताना, त्यांचं पाणी तुटतं. भटक्या कुत्र्यांचा वाद सुप्रीम कोर्टापर्यंत गेला आहे आणि चावण्याची भीतीही खोटी नाही. पण तहानलेला कुत्रा जास्त शांत असतो, असं तर कोणी म्हणत नाही ना?

म्हणून बॅग भरायच्या आधी वॉचमन काकांना भेटा. मातीचं मोठं परळ आणा, प्लॅस्टिकचं नको. ते तापतं आणि उडून जातं. दिवसभर सावली राहील अशी जागा काकांनाच विचारा, त्यांना तुमच्यापेक्षा चांगली माहीत असते. येण्याजाण्याच्या वाटेपासून ती लांब हवी. पाणी रोज ओतून, परळ घासून पुन्हा भरायचं, नाहीतर डासांच्या अळ्या होतात आणि प्राचार्य पहिल्या आठवड्यातच ते उचलायला लावतात. गावातच राहणाऱ्या दोन-तीन जणांनी वार वाटून घ्या. ग्रुपवर रोज भरलेल्या परळाचा एक फोटो आला, तरी पुरे.